तुळस का रुसली?



तुम्हाला ताप आला की डॉक्टरकाका काय करतात? जीभ बघतात, पोटावर बोटांनी ठकठक करतात, नाडी बघतात आणि मग हळूच विचारतात, "काल काय खाल्लं होतंस रे?" तुम्ही खरं ते सांगता. किंवा लपवता, आणि मग आई सांगते! झाडाचं तसं नाही. त्याला बोलता येत नाही आणि चहाडी करायला त्याची आईही शेजारी उभी नसते. म्हणून झाडांचा डॉक्टर व्हायचं असेल तर आपले डोळे, आपलं नाक आणि आपली बोटं यांच्यावरच भिस्त ठेवावी लागते.

आज आपल्या दवाखान्यात एकच पेशंट आहे. तुळस. तुमच्या पत्रांत हा प्रश्न इतक्या वेळा येतो की आता टाळता येत नाही. "आमची तुळस टिकतच नाही. दर वर्षी नवी आणतो, दर वर्षी वाळते." कुणी गावातल्या अंगणातून लिहितं, कुणी तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीतून. आणि काही पत्रांच्या खाली मोठ्या माणसाच्या अक्षरात एक ओळ असते, "तुळस वाळणं अशुभ असतं का?" त्या ओळीचंही उत्तर आज द्यायचं आहे. पण जरा पुढे. आधी पेशंट तपासू.

तुळशीची एक कोवळी फांदी अंगठा आणि तर्जनी यांच्यात धरून अलगद फिरवा. काय जाणवलं? फांदी गोल नाही, चौकोनी आहे! आता पानं बघा. प्रत्येक पेरावर दोनच पानं, समोरासमोर, आणि त्यावरची जोडी आडवी फिरलेली. मंजिरीवरचं इवलंसं फूल नीट पाहिलंत तर त्याला वरचा ओठ आणि खालचा ओठ दिसेल. चौकोनी खोड, समोरासमोर पानं, ओठांची फुलं, चुरगाळल्यावर वास. एवढं जमलं की समजावं, हे तुळशीचं कूळ. पुदिना, सब्जा, भजी करतात तो जाड पानांचा पानओवा, बागेतला लालभडक साल्विया, हे सगळे तुळशीचे मावसभाऊ. भूमध्य समुद्राच्या काठच्या देशांत सेज नावाची एक करड्या पानांची वनस्पती असते. तिथली माणसं ती स्वयंपाकात आणि औषधात वापरतात. तीही याच घरातली. साल्विया हे तिचं शास्त्रीय नाव ज्या लॅटिन शब्दापासून आलं त्याचा अर्थ 'धडधाकट, निरोगी' असा आहे. नाव निरोगी, पण तीही आजारी पडते बरं का! मुळं कुजणं, पानांवर भुरी येणं, कोळी लागणं, हे आजार या घराण्यात सगळ्यांनाच होतात. म्हणजे तुळशीचं डॉक्टर होता आलं की पुदिन्याचं आणि सब्ज्याचंही थोडंफार होता येतं.

(सब्जा आणि दुकानात मिळणारं चिया बी, दोन्ही पाण्यात टाकली की फुगून बुळबुळीत होतात म्हणून पुष्कळ जण ती एकच समजतात. सब्जा तुळशीचा सख्खा भाऊ आणि चिया हा मेक्सिकोकडचा साल्विया. असो, आपण भरकटलो.)

आता पहिली तक्रार. पानं माना टाकून लोंबताहेत. तुम्ही काय करता? धावत जाऊन तांब्याभर पाणी ओतता. थांबा! आधी कुंडीतल्या मातीत बोट खुपसा, दुसऱ्या पेरापर्यंत. बोट कोरडं बाहेर आलं, माती चिकटली नाही, तर तुळशीला तहान लागली आहे. पाणी द्या, पण भर दुपारी नको, ऊन उतरल्यावर. एका तासात ती पुन्हा ताठ उभी राहील आणि तुम्हाला जादू केल्यासारखं वाटेल.

पण बोटाला गार, ओली, चिकट माती लागली आणि तरीही तुळस मान टाकून उभी असेल, तर मामला गंभीर आहे. ती पाण्यात उभी राहून तहानलेली आहे. हे कसं काय? सांगते. मुळांना नुसतं पाणी लागत नाही, हवाही लागते. मातीच्या कणांमध्ये बारीक बारीक पोकळ्या असतात. त्यांत थोडं पाणी आणि थोडी हवा असली की मुळं खूश. आपण सारखं पाणी ओतत राहिलो तर त्या सगळ्या पोकळ्या पाण्याने भरतात. मुळांचा श्वास कोंडतो, ती मरू लागतात आणि बुरशी त्यांच्यावर ताव मारते. मेलेलं मूळ पाणी पिणार कसं? वर पानं तहानेने लोंबतात, आपण म्हणतो, "अरेरे, सुकली!" आणि आणखी एक तांब्या ओततो.

आपल्याकडच्या तुळशीचं हे सगळ्यात मोठं दुखणं. याला कारण आपलं प्रेमच. घरात पाच माणसं असली तर पाच जण आंघोळ करून येतात आणि पाच जण पाणी घालतात. जास्वंदीला कुणी विचारत नाही, तुळशीला मात्र दिवसातून पाच वेळा आंघोळ!

गेल्या पावसाळ्यानंतरची गोष्ट. माझ्या सातवीच्या वर्गातली एक मुलगी दोन दिवस गप्प गप्प होती. मधल्या सुट्टीत डबा तसाच. मी विचारलं तर आधी काही सांगेना. मग म्हणाली, "बाई, आमची तुळस माझ्यामुळे मेली." मी म्हटलं, "तू काय केलंस?" तर मान खाली. घरात तिला बजावलं होतं की त्या चार दिवसांत तुळशीला शिवायचं नाही. कपडे वाळत घालताना तिचा हात फांदीला लागला, ते आजींनी पाहिलं. आठ दिवसांनी तुळस वाळली. आजी म्हणाल्या, "सांगितलं होतं ना!" आणि शेजारपाजारच्या बायकांनीही माना डोलावल्या.

संध्याकाळी मी तिच्या घरी गेले. आजींच्या पाया पडले, चहा घेतला आणि म्हटलं, "आजी, जरा तुळस बघू का?" कुंडी प्लॅस्टिकची, खाली थाळी, थाळीत पाणी साठलेलं. मातीवर हळद-कुंकू, तेल आणि उदबत्तीची राख यांचा थर इतका घट्ट की नख रुतेना. पेन्सिलीने तो फोडून आत बोट घातलं तर खाली नुसता चिखल. मी आजींनाच विचारलं, "कुंडी उपडी केली तर चालेल का?" त्या म्हणाल्या, "आता मेलीच आहे, कर." कुंडी आडवी करून थोपटली, मातीचा गड्डा बाहेर आला आणि घाण वास सुटला. निरोगी मूळ पांढरट असतं, ताठ असतं. ही मुळं काळपट तपकिरी होती, बोटात धरून ओढलं की त्यांची साल मोज्यासारखी निघून यायची. कुंडीच्या बुडाला भोकं होती, पण ती मातीने गच्च बुजलेली. आजींनी स्वतः वास घेतला आणि म्हणाल्या, "ही तर कुजली की गं!"

कुजायला किती दिवस लागतात? एका रात्रीत नाही. ती तुळस कितीतरी दिवस आतून कुजत होती. पोरीचा हात लागला तेव्हा तिची मुळं गेलेलीच होती, वरची पानं तेवढी हिरवी दिसत होती.

आता हे पुढचं पालकांसाठी लिहिते आहे, मुलांनी वाचलं तरी हरकत नाही. पाळी आलेल्या मुलीच्या हाताने झाड वाळत नाही. तुळसही नाही, लोणचंही नासत नाही. कोकणात भाताची लावणी बायका करतात, देशावर निंदणी-खुरपणी बायका करतात. कापूस वेचतात, मिरच्या तोडतात. महिन्यातले चार दिवस म्हणून कुणी त्यांना बांधावर बसवत नाही. सगळं शिवार त्यांच्या हातांखालून जातं आणि पीक उभं राहतं. मग कुंडीतली एक तुळसच कशी वाळेल? देवाधर्माचं तुमच्या घरात जे असेल ते असू द्या, तो ज्याच्या त्याच्या मनाचा प्रश्न. पण झाड मेल्याचा आळ बारा वर्षांच्या मुलीवर घालू नका. ती तो विसरत नाही. आणि तुळस वाळली म्हणजे घरावर संकट येणार, असंही काही नसतं. संकट तुळशीवरच आलेलं असतं, आणि बहुतेक वेळा ते तांब्यातून येतं.

त्या आजींचं मत त्या दिवशी पार बदललं असं मी म्हणणार नाही. पण "पोरीला उगाच बोलले" एवढं त्या म्हणाल्या, माझ्यासमोर आणि तिच्यासमोर.

तर मुळं कुजल्यावर उपाय काय? सगळी काळी झाली असतील तर त्या झाडाला कुणी वाचवू शकत नाही. वरचा एखादा शेंडा हिरवा असेल तर तो कापून नवं रोप करायचं. ते कसं, ते शेवटी सांगते. पण थोडी मुळं पांढरी दिसत असतील तर आशा आहे. काळी, मऊ मुळं कात्रीने कापून टाका. वरच्या फांद्याही तिसरा हिस्सा छाटा, कारण उरलेल्या थोड्या मुळांना एवढा मोठा संसार पेलवायचा नाही. नव्या कोरड्या मातीत लावा, एकदा बेताचं पाणी द्या आणि आठवडाभर सावलीत ठेवा. मग रोज बोट खुपसून बघायचं आणि वरची माती कोरडी झाली की मगच पाणी. पूजेसाठी रोज पाणी घालायचंच असेल तर पळीभर घाला, तांब्याभर नको. घरातल्या पाच जणांनी पाच वार वाटून घ्यावेत, हा सगळ्यात उत्तम उपाय.

माती कोणती? ती तुमच्या गावावर अवलंबून आहे. विदर्भ-मराठवाड्यात, सोलापूरकडे काळी माती. ती पाणी धरून ठेवते आणि वाळली की तडकते, कुंडीत तर विटेसारखी घट्ट होते. तिच्यात निम्मी तरी वाळू आणि शेणखत मिसळा. कोकणातली तांबडी माती पाणी पटकन सोडते, पण तिच्यातून खतही वाहून जातं. तिथे कुजलेलं शेणखत आणि नारळाच्या सालीचा भुसा जास्त घाला. कुंडीच्या बुडाशी भोक हवंच, आणि त्यावर खापराचा एक तुकडा पालथा ठेवा म्हणजे माती अडकून भोक बुजत नाही.

आता पिवळ्या पानांकडे येऊ. इथे खरा डॉक्टर ओळखू येतो. पान पिवळं पडलं एवढं म्हणून चालत नाही, कुठलं पान पिवळं पडलं ते सांगा. खालची जुनी पानं आधी पिवळी होत असतील आणि शेंडा हिरवा असेल, तर तुळशीला नत्र कमी पडतंय, म्हणजे सोप्या भाषेत ती उपाशी आहे. घरात भाकरी कमी पडली तर आई आपल्या ताटातली उचलून बाळाच्या ताटात ठेवते ना? तसंच झाड जुन्या पानांतलं नत्र काढून नव्या कोंबांकडे पाठवतं. अशा वेळी मूठ-दोन मुठी कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत मातीत मिसळा. चहाचा चोथाही चालतो, पण तो आधी पाण्याने धुऊन घ्या. दूध-साखर तशीच राहिली तर मुंग्यांना आवतण!

याच्या उलट, वरची कोवळी पानं पिवळी आणि त्यांच्या शिरा मात्र हिरव्यागार, असं चित्र दिसलं तर ते लोह कमी पडल्याचं लक्षण. लोह नत्रासारखं इकडून तिकडे नेता येत नाही, जुन्या पानांत अडकलं ते अडकलं. म्हणून उपास नव्या पानांना घडतो. नव्या सिमेंटच्या वृंदावनात हे पुष्कळदा होतं. सिमेंटमधला चुना मातीत उतरतो, आणि मातीत चुना वाढला की लोह असूनही मुळांना ते घेता येत नाही. नवं वृंदावन बांधलं तर दहा-पंधरा दिवस त्यात पाणी भरून ते ओतून द्या, मग माती भरा. आणि दर दोन महिन्यांनी कंपोस्ट घालत राहा.

फांद्या लांबलचक, पानं लहान आणि फिकी, सगळं झाड एका बाजूला झुकलेलं? त्याला ऊन हवं आहे. रोज पाच-सहा तास तरी. एका बाजूचीच पानं करपून कुरकुरीत झाली असतील तर पणती कुठे ठेवता ते बघा. हातभर लांब ठेवली तरी तुळशीला ती दिसते! दुधाचा नैवेद्य दाखवा, पण मातीत ओतू नका. मातीत दूध आंबतं, वास येतो, बुरशी धरते. आणि कृष्णतुळशीची पानं जांभळट असतात, तो आजार नाही, तिचा रंगच तसा.

आता किडे! मला ठाऊक आहे, तुमच्यातले निम्मे याचीच वाट पाहत होते.

तुळशीवर मुंग्यांची रांग चढताना दिसली की समजा, वर कुणाचं तरी दुकान लागलं आहे. मुंग्यांना तुळशीत रस नसतो. कोवळ्या शेंड्यांवर हिरवे-काळे, मोहरीहूनही लहान किडे गर्दी करून बसलेले असतात, त्यांना मावा म्हणतात. फांदीच्या बेचक्यात कापसाचे बारीक पुंजके दिसले तर तो पिठ्या ढेकूण. हे दोघेही सोंड खुपसून झाडाचा रस पितात. त्या रसात साखर फार, तेवढी त्यांना पचत नाही, म्हणून जास्तीचा गोड रस ते मागून बाहेर टाकतात. तो चाटायला मुंग्या येतात. नुसत्या येत नाहीत, या किड्यांची राखण करतात, त्यांना खायला आलेल्या कीटकांना हुसकून लावतात. गुराखी जसा गाई राखतो तशा! पानांवर सांडलेल्या त्या चिकट रसावर काळी बुरशी वाढते आणि पानं काजळी धरल्यासारखी दिसतात. मावा वाढतोही भराभर. उबदार हवेत माव्याची मादी अंडी घालत बसत नाही, थेट पिल्लंच देते.

मावा दिसला तर आधी औषध शोधू नका. कुंडी आडवी धरून पाण्याची जोरदार धार मारा, निम्मा मावा वाहून जाईल. तीन-चार दिवसांनी पुन्हा. पिठ्या ढेकणाचं अंग मेणचट पुडीने झाकलेलं असतं, पाणी त्याच्यावरून ओघळून जातं. काडीला कापूस गुंडाळा, साबणाच्या पाण्यात बुडवा आणि एकेक पुंजका पुसून काढा. कंटाळवाणं काम आहे, पण रविवारी सकाळी अर्धा तास पुरतो.

एक महत्त्वाचं. माव्याच्या गर्दीत एखादी काळी-नारिंगी, काटेरी, मगरीसारखी दिसणारी अळी फिरताना दिसली तर तिला हात लावू नका. ती ढालकिड्याची पोर आहे. ढालकिडा म्हणजे लाल पाठीवर काळे ठिपके असलेला तो वाटोळा देखणा भुंगेरा, तुम्ही सगळ्यांनी पाहिलेला. आई देखणी, पोर भयंकर, पण दोघेही मावा खाऊन जगतात. फुकटचे डॉक्टर!

पानांवर टाचणीने टोचल्यासारखे असंख्य फिकट ठिपके आहेत आणि खाली बारीक जाळं आहे? एक पांढरा कागद फांदीखाली धरा आणि फांदीला टिचकी मारा. कागदावर पडलेले लाल ठिपके चालायला लागले तर ते लाल कोळी. त्यांना पाय आठ, म्हणजे ते कीटक नव्हेत, कोळ्याच्या नात्यातले. कोरडं, कडक ऊन त्यांना मानवतं, म्हणून मार्च ते मे या दिवसांत ते बोकाळतात. पानांच्या खालून रोज पाण्याचा फवारा मारला की त्यांचा बेत फसतो.

आणखी एक पाहुणा खास तुळशीचा. पानं आकसतात, वाळतात, आणि पान उलटून पाहिलं तर खाली काळे चकचकीत ठिपके दिसतात. ती त्याची विष्ठा. किडा स्वतः तिळाहूनही लहान. भिंगातून बघा, भिंग नसेल तर मोबाइलचा कॅमेरा जवळ नेऊन बघा. पंख अगदी क्रोशाच्या विणकामासारखे जाळीदार! इतका सुंदर किडा इतका वाईट वागतो, काय करणार. अशी पानं फांदीसकट काढून बंद पिशवीत घालून टाकून द्या. पान दुमडून, रेशमाच्या धाग्याने शिवून आत बसणारी एक हिरवी अळीही असते. तिचं घर पानासकट तोडलं की काम झालं.

एवढं करूनही किडे हटले नाहीत तर औषध. बाजारातली विषारी कीटकनाशकं तुळशीवर अजिबात मारायची नाहीत. तिची पानं आपण चहात घालतो, नैवेद्यावर ठेवतो, खोकला झाला की बाळालाही देतो. आपलं औषध म्हणजे निंबोळी अर्क. कडुनिंबाच्या निंबोळ्या पावसाळ्याच्या सुरुवातीला झाडाखाली पडतात. त्या गोळा करून गर काढून सावलीत वाळवा. पन्नास ग्रॅम बिया जाडसर कुटा, फडक्यात बांधून एक लिटर पाण्यात रात्रभर भिजत ठेवा. सकाळी फडकं चांगलं पिळा, पाणी गाळा, त्यात चिमूटभर साबणाचा चुरा विरघळवा. साबणामुळे पाणी पानाला चिकटून राहतं. हा अर्क संध्याकाळी फवारा, कारण उन्हाने त्याची ताकद जाते. पानांच्या खालच्या बाजूनेही फवारा, किडे तिथेच बसतात. आधी दोनच पानांवर मारून एक दिवस थांबा, ती करपली नाहीत तर मग सगळीकडे. आठवड्याने पुन्हा. फवारल्यावर निदान आठवडाभर पानं तोडू नका आणि नंतरही धुऊनच खा. कुटणं-पिळणं मोठ्या माणसाला बरोबर घेऊन करा आणि हात साबणाने धुवा. निंबोळीने किडा जागच्या जागी मरत नाही. त्याचं खाणं मंदावतं आणि त्याला कात टाकता येत नाही. त्यामुळे दुसऱ्या दिवशी किडे दिसले म्हणून नाराज होऊ नका.

पानांवर पीठ भुरभुरल्यासारखी पांढरी भुरी आली तरी हाच अर्क उपयोगी पडतो. आणि यावरून एक गंमत. कडुनिंबाच्या तेलाने झाडांवरची बुरशी आटोक्यात ठेवण्याच्या पद्धतीवर अमेरिकेचं शेती खातं आणि एक कंपनी यांना १९९४ साली युरोपात पेटंट मिळालं होतं! म्हणजे ही युक्ती जणू त्यांची. आपल्याकडच्या लोकांनी दाखवून दिलं की हे आमच्याकडे आधीपासून चालत आलंय. २००० साली ते पेटंट रद्द झालं, आणि २००५ साली त्यांचं अपीलही फेटाळलं गेलं. तुमच्या पणजीची युक्ती वाचली.

शेवटची तक्रार दर वर्षी येते, तुळशीच्या लग्नानंतर. "लग्न थाटात केलं आणि पौषात तुळस वाळली." अहो, कार्तिकात ती मंजिऱ्यांनी भरलेली असते. झाडाचं सगळं बळ बिया करण्यात जातं. त्यातच थंडी पडते. नाशिक, जळगाव, नागपूरकडे तर पारा दहा अंशांच्या खाली उतरतो आणि तुळस थंडीत वाढायचं थांबवते, पानं गाळते. म्हणून मंजिऱ्या तुऱ्यातच खुडा. शेंडा खुडला की खालच्या बेचक्यांतून दोन-दोन फांद्या फुटतात आणि झाड झुपकेदार होतं. रविवारी किंवा द्वादशीला तुमच्या घरी तुळस तोडत नसतील तर नका तोडू, दुसऱ्या दिवशी तोडा, झाडाला काही फरक पडत नाही. थंडीत पाणी निम्म्यावर आणा आणि रात्री कुंडी भिंतीच्या आडोशाला ठेवा. पानं गेली तरी घाई करून उपटू नका. फांदीवर नखाने जरासं खरवडा. आत हिरवं दिसलं तर ती झोपली आहे, उन्हं तापली की फुटेल. तपकिरी, कोरडं दिसलं तर ती गेली. कुंडीतली तुळस साधारण दोन-तीन वर्षं जगते. खोड लाकडासारखं झालं, पानं बारीक येऊ लागली, तर तो आजार नव्हे, म्हातारपण.

म्हणून जुनी असतानाच नवी तयार ठेवायची. वीतभर लांबीचा, मंजिरी न आलेला शेंडा पेराच्या खाली कापा. खालची पानं काढून टाका, वरची चार ठेवा. पेल्यात पाणी घेऊन त्यात उभा करा, पाणी दर दोन दिवसांनी बदला. दहा-पंधरा दिवसांत पांढरी मुळं दिसतील. बोटभर लांब झाली की कुंडीत लावा. बियांपासून करायची तर वाळलेली मंजिरी तळहातावर चोळा. फुलाच्या प्रत्येक सुकलेल्या पेल्यात चारच बिया असतात, मोजून बघा. ओलसर मातीवर भुरभुरा, वर मातीचा अगदी पातळ थर द्या. खोल पुरल्या तर उगवणार नाहीत.

त्या सातवीतल्या मुलीने तीन शेंडे लावले होते. दोन कुजले, एक जगला. सध्या त्याला अकरा पानं आहेत आणि त्यांतल्या एकावर मावा आहे, असं ती काल सांगत होती.

तुमच्या तुळशीची तब्येत पत्राने कळवा. पण "वाळली" एवढंच लिहू नका. बोट खुपसून माती कशी लागली, कुठलं पान पिवळं, मुंग्या आहेत का, सगळं लिहा. एखादं पान वहीत दाबून वाळवून पाठवलंत तर उत्तमच. पुढच्या आठवड्यात आपण गांडुळांच्या घरी जाणार आहोत. तोवर एक जुना माठ शोधून ठेवा. गळका असला तरी चालेल.

तुमच्या,
बाई